शाळेत उद्योजकता शिकवायची असेल, तर आधी गावात एक चक्कर मारा

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत बालआनंद मेळावा किंवा मुलांचा बाजार भरतो. फीत कापली जाते, पालक कौतुकाने दहाच्या भेळेचे वीस देतात, 'चिमुकल्यांनी अनुभवला खरेदी-विक्रीचा व्यवहार' अशी बातमी फोटोसकट ग्रुपवर फिरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गणिताच्या तासाला फळ्यावर 'एका व्यापाऱ्याने २० टक्के नफ्याने...' सुरू. त्या व्यापाऱ्याला अजून कोणी पाहिलेलं नसतं.

मेळाव्यात वाईट काहीच नाही, पण तो एका दिवसाचा कार्यक्रम झाला. उद्योजकता शिक्षण म्हणजे कोणाला काय हवंय ते हेरणं, त्यासाठी भांडवल जमवणं, वस्तू किंवा सेवा तयार करणं, विकणं, हिशोब मांडणं आणि चुकलं तिथे बदल करून पुन्हा करणं, हे सगळं चक्र वर्षभरात निदान दोनदा मुलांच्या हातून फिरणं. त्याला नवं पाठ्यपुस्तक लागत नाही. शाळेच्या आसपासची पंधरा-वीस माणसं लागतात. ती जमवायची कशी आणि टिकवायची कशी, हे शून्यातून सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी लिहितो आहे. नाशिक शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. बाकीच्यांनी आपापल्या गावाची नावं घालून वाचावं.

पायरी १ : एक किलोमीटरची यादी

सातवी-आठवीचा वर्ग घ्या. पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक किंवा पालक द्या आणि शाळेपासून साधारण एक किलोमीटरच्या आत पैसे मिळवण्यासाठी कोण काय करतं, ते लिहून आणायला सांगा. दोन तास पुरतात.

'आमच्या गावात दाखवण्यासारखं काही नाही' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. त्यावर वाद घालू नका, चक्कर मारा. पिठाची गिरणी आहे ना? मग विजेचं बिल, जात्याचा दगड, दळणाचा दर आणि श्रावणातल्या उपवासांमुळे बदलणारं गिऱ्हाईक, एवढा धडा तिथेच तयार आहे. मोटार रिवाइंडिंगवाला, दूध संकलन केंद्र, पिकअप चालवणारा, मंडपवाला, शिवणकाम करणाऱ्या ताई, सलून, टपरी हे सगळे यादीत आले पाहिजेत. रस्त्यावर बसणारा मोची सोडू नका. मुलं मोठी पाटी असलेलं दुकान आधी लिहितात आणि हातगाडी वगळतात. ही सवय पहिल्याच दिवशी मोडलेली बरी. वर्गातल्या ज्या मुलाचा बाप गाडीवर केळी विकतो, तो पडत्या मालाचं गणित बाकीच्यांपेक्षा जास्त जाणतो. त्याला न विचारता त्याच्या घरचा विषय चारचौघांत काढू नका. तो आपणहून बोलला, तर मात्र त्या तासाचा जाणकार तोच.

परिसराप्रमाणे यादी बदलेल. सातपूर-अंबडच्या शाळेला मोठ्या कारखान्यांचं आकर्षण असतं, पण शिकायला मिळतं ते त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरकडे. दोन लेथ, एक सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन), चार कामगार आणि स्वतः मालक. जॉब वर्कचा दर कसा ठरतो, माल रिजेक्ट झाला तर भुर्दंड कोणावर, बिलाचे पैसे किती दिवसांनी येतात, हे तोच सांगू शकतो. मोठ्या कंपनीत मुलांना काचेपलीकडून मशीन दिसतं आणि हातात बिस्किटाचा पुडा पडतो. जुन्या नाशकात तांबट आहेत, सराफ आहेत, चिवडेवाले आहेत. पंचवटीत पूजासाहित्य, फुलं, यात्रेकरूंची राहण्या-जेवणाची सोय. तिथल्या मुलांना २०२७ च्या सिंहस्थामुळे मागणी म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागणार नाही. निफाड-पिंपळगावकडे रोपवाटिका, पॅकहाऊस, क्रेट भाड्याने देणारे, औषधांची दुकानं. येवल्यात पैठणीचे हातमाग. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे नागलीचे पापड करणारे बचत गट आणि मोहफुलं गोळा करणारी घरं.

यादीसाठी साधं शंभर पानी रजिस्टर घ्या. नाव, काम, फोन, दिवसातली मोकळी वेळ, काय दाखवू शकतील आणि शेवटचा रकाना : 'कोणत्या महिन्यात फोन करायचा नाही'. हा शेवटचा रकाना भरल्याशिवाय यादी पूर्ण झाली असं समजू नका. द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत किंवा फेब्रुवारीत माल काढणीला आला असताना 'मुलांना घेऊन येतो' म्हटलं, तर तो तोंडावर नाही म्हणणार नाही, पण पुढच्या वर्षी फोन उचलणार नाही. पैठणीवाल्यांची लग्नसराई, व्हेंडरचा महिनाअखेर आणि मार्च, किराणावाल्याचे दिवाळीआधीचे पंधरा दिवस, सगळं लिहून ठेवा. शाळेचं वेळापत्रक आपल्याला पाठ असतं. ज्यांच्या दारात जायचं आहे त्यांचंही असावं.

पायरी २ : पैसे मागू नका, तास मागा

शाळेतून फोन आला की दुकानदार गृहीत धरतो, वर्गणी. त्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत गैरसमज दूर करावा लागतो. फोन साधारण असा असावा :

'नमस्कार शेठ, शाळेतून बोलतोय. देणगीसाठी फोन नाही, आधीच सांगतो.'
'मग बोला ना सर.'
'आठवीच्या मुलांना तुमचं एक जुनं खरेदीचं बिल आणि तुमचा एक तास हवाय. भाषण नको. मुलं विचारतील, तुम्ही सांगायचं.'
'अहो, मला कुठे शिकवता येतंय!'
'शिकवायचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त हे सांगा की, हा डबा केवढ्याला घेतला आणि केवढ्याला विकला.'

एवढं झालं की बहुतेक जण येतात. तरीही कोणी नाही म्हणालं तर चिडू नका. दुकान एकट्याच्या जिवावर असेल, तर तासभर शटर ओढणं त्याला परवडत नाही. अशांकडे मुलांनी जावं, तेही दुपारी दोन ते चारच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी असताना, चौघा-पाचांनी.

पाहुणा वर्गात येण्याआधी मुलांकडून प्रश्न लिहून घ्या. 'आपल्या यशाचं रहस्य काय?' हा प्रश्न खोडून टाका. त्याचं उत्तर 'जिद्द आणि मेहनत' असं येतं आणि तास तिथेच संपतो. त्याऐवजी : सगळ्यात जास्त नुकसान कधी झालं? उधारी कोणाला देता, कोणाला नाही? बाजूला तसंच दुसरं दुकान निघालं तेव्हा काय केलंत? तुम्ही स्वतःला पगार किती धरता? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात आणि मग मोकळेपणाने बोलू लागतात.

आता संस्थांबद्दल. सातपूर-अंबडच्या उद्योजकांच्या निमा आणि आयमा या संघटना आहेत, जिल्हा उद्योग केंद्र आहे, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे, आयटीआय आहेत, ग्रामीण भागात 'उमेद' या सरकारी अभियानाचे बचत गट आहेत, शेतीसाठी मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. या सगळ्यांकडे जावं, पण स्वतःची यादी तयार झाल्यावर. नुसतं पत्र घेऊन गेलात तर प्रमुख पाहुणे मिळतील. 'आम्हाला प्लास्टिक मोल्डिंगमधलं एखादं छोटं युनिट हवंय, ऑगस्टमध्ये, बारा मुलांसाठी' असं नेमकं सांगितलंत तर माणूस मिळेल. आणि माजी विद्यार्थी विसरू नका. कधीकाळी बाकावर उभं राहिलेला मुलगा आज फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवत असतो आणि गुरुजींचा फोन तो पहिल्या रिंगला उचलतो.

पायरी ३ : कागदपत्रं उरकून घ्या

मुख्याध्यापक विचारतील, हे कशात बसतं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे मुलांनी काम पाहावं, शिकावं असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुमचा सगळा उपक्रम या दहा दिवसांत, कार्यानुभवात आणि गणित-भूगोलाच्या तासांत बसतो. वेगळा तास मागू नका, मिळणार नाही.

पालकांची लेखी संमती घ्या, शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा, लांबच्या भेटीसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि एसटी. शैक्षणिक सहलीला एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. आगाराला आधी पत्र द्यावं लागतं.

एका बाबतीत मात्र कडक राहा. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे आणि १४ ते १८ मधल्या मुलांना धोकादायक कामं देता येत नाहीत. मुलं पाहतील, विचारतील, मोजतील. कोणाच्या ऑर्डरचं काम करणार नाहीत. 'येऊ द्या की सुट्टीत, चार पैसे मिळतील पोराला' असं कोणी आपुलकीने म्हटलं तरी नाही. अठराच्या आतल्या मुलांना कायदेशीर करारही करता येत नाही, म्हणून भाड्याने काही घ्यायचं असलं तर व्यवहार शिक्षकाच्या किंवा समितीच्या नावाने करा. खाण्याचे पदार्थ असतील तर गॅस मोठ्यांच्या हातात. शिवाय शाळेच्या आवारात आणि बाहेर ५० मीटरपर्यंत जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत असा अन्नसुरक्षेचा २०२० चा नियम आहे, तो मेळाव्यालाही ध्यानात ठेवा.

पायरी ४ : एकच भेट, पण नीट

वर्षात चार ठिकाणी बस पळवण्यापेक्षा एका ठिकाणी अर्धा दिवस थांबा. लासलगावच्या बाजार समितीचं उदाहरण घेऊ. लिलाव सुरू व्हायच्या आधी पोहोचा. सचिवांना आधी भेटून मुलांनी कुठे उभं राहायचं ते ठरवून घ्या. ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला लहान पोरं दिसत नाहीत.

प्रत्येक गटाला एक वाहन वाटून द्या. त्या वाहनातल्या कांद्याचा रंग, आकार, पत्ती सुटली आहे का, कोंब आला आहे का, हे मुलांनी आधी पाहायचं आणि क्विंटलला काय भाव निघेल याचा अंदाज वहीत लिहायचा. मग लिलाव करणारा आणि व्यापारी वाहनापाशी येतात, बोली चढते, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर भाव फुटतो आणि घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. एकाच गावाहून आलेल्या शेजारच्या दोन ट्रॉल्यांत शेकड्याने फरक पडलेला मुलांना दिसतो. 'का?' हा प्रश्न तिथेच शेतकऱ्याला विचारू द्या. पुढे वजनकाटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होणं आणि शेवटी हिशोबपट्टी. कोरी पट्टी आधीच झेरॉक्स काढून न्या. वजन गुणिले भाव, त्यातून कपाती वजा, हातात पडले किती, हे मुलांनी आपल्या हाताने भरायचं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीच्या मागे लिहायचं : बियाणं, रोपं, लागवडीची मजुरी, खतं, औषधं, काढणी, चाळीत साठवण, ट्रॅक्टरचं भाडं. आकडे घरच्या शेतीवरून आणायचे. उरतं काय ते पाहिल्यावर वर्गात जी चर्चा होते, ती मी मुद्दाम कधी थांबवत नाही. तास संपला तरी चालू देतो.

पिंपळगावला टोमॅटोच्या हंगामात हाच खेळ वीस किलोच्या क्रेटवर होतो. येवल्यात हातमागापाशी वेगळा धडा मिळतो : रेशीम आणि जरीचे पैसे आज गेले, साडी नक्षीकामाप्रमाणे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उतरणार, तोवर घर कशावर चालवायचं? खेळतं भांडवल हे प्रकरण मुलांना मागावरची अर्धी पैठणी पाहून जेवढं कळतं, तेवढं व्याख्येतून कळत नाही.

पायरी ५ : मुलांचा स्वतःचा धंदा, आणि त्याचा खरा हिशोब

आता मेळावा भरवा, हरकत नाही. पण तीन गोष्टी बदला.

पहिली, भांडवल पालकांकडून आणायचं नाही. शाळेने प्रत्येक गटाला थोडी रक्कम, समजा २०० रुपये, उसनी द्यायची आणि सही घ्यायची. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ पासून उद्योजकतेचा अभ्यासक्रम आला. पुढे अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी दोन हजारांचं बीजभांडवल दिलं गेलं. आपल्याला एवढं लागत नाही. परत करायची रक्कम छोटी असली तरी ती परत करायची असते, हे महत्त्वाचं. यादीतलेच दोन व्यापारी हे पैसे फिरते म्हणून द्यायला सहसा तयार होतात.

दुसरी, कामं आलटून पालटून. मुलगी कांदा चिरते आणि मुलगा गल्ल्यावर बसतो, असं जवळजवळ प्रत्येक स्टॉलवर आपोआप होतं. अर्ध्या वेळेला शिट्टी वाजवा आणि जागा बदलायला लावा.

तिसरी, हिशोब. इथे घाई करू नका, सगळा अभ्यासक्रम इथेच आहे. समजा सहा मुलींनी मोड आलेल्या मटकीची भेळ केली. वीस रुपयांच्या ४२ प्लेट गेल्या, गल्ला ८४० रुपये. बाजारातून आणलेल्या मालाचे झाले ३१०. मुली उड्या मारत सांगतात, ५३० रुपये नफा! आता शांतपणे विचारा : मटकी, कांदे, कोथिंबीर, लिंबं आणि गॅस कुठून आला? घरून. बाजारभावाने लावा, झाले २२०. तिघींच्या आया दोन-दोन तास राबल्या, त्याचे काय? तासाला ५० रुपये धरले तरी ३००. राहिले दहा रुपये. आणि सहा मुलींची स्वतःची मेहनत अजून धरलेलीच नाही.

मुली हिरमुसतात. हिरमुसू द्या, पण तिथे थांबू नका. प्लेट पंचवीसला गेली असती का? किती जण मागे फिरले असते? भद्रकालीकडच्या होलसेल दुकानातून माल आणला तर किती वाचतात, रिक्षाचे धरून? आईऐवजी आदल्या दिवशी आपणच तयारी केली तर? शेवटी किती प्लेट उरल्या आणि त्या कोणी खाल्ल्या? हे प्रश्न विचारायला यादीतल्या एका दुकानदाराला बोलवा. शिक्षकाने विचारलं की ती परीक्षा वाटते, दुकानदाराने विचारलं की धंदा वाटतो. मग दोन-तीन महिन्यांनी तोच गट तोच माल घेऊन पुन्हा उभा राहिला पाहिजे. एकदाच झालेल्या मेळाव्यात हे जमत नाही, म्हणून पहिला बाजार दिवाळीआधी आणि दुसरा जानेवारीत ठेवा.

खाण्यापलीकडेही मुलांना न्या, नाहीतर सगळं मैदान भेळ आणि सरबताने भरतं. सायकल धुणं-तेलपाणी, रोपं, जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या नव्या वह्या, आजी-आजोबांना मोबाइलवर वीजबिल भरायला शिकवणं. शेवटच्या सेवेला पैसे घ्यावेत की नाही, यावर मुलांत मस्त भांडण होतं.

नफ्याचं काय करायचं ते गटाने ठरवावं. उसने परत, बाकीचं वाटून घ्या किंवा पुढच्या बाजारासाठी ठेवा. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतः चालवता येणारं बचत खातं काढता येतं, बँकेचे नियम विचारून घ्या. सगळा नफा परस्पर एखाद्या निधीला देऊन टाकायची आणि स्टेजवर मोठा चेक धरून फोटो काढायची प्रथा मला पटत नाही. दान करायचं की नाही हे पैसे कमावणाऱ्याने ठरवायचं असतं.

पायरी ६ : माणसं टिकवा

पहिल्या वर्षी उत्साहावर चालतं. दुसऱ्या वर्षी सरांची बदली होते आणि त्यांच्या मोबाइलबरोबर सगळी यादीही जाते. म्हणून रजिस्टर शाळेचं, त्याची एक प्रत व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि फोन करणारी माणसं दोन : एक शिक्षक, एक पालक. गावात राहणारा पालक बदलून जात नाही.

एकाच माणसाला वर्षातून दोनदापेक्षा जास्त त्रास देऊ नका. छान बोलणारे एक-दोघे प्रत्येक यादीत असतातच, आणि सगळ्या शाळा त्यांनाच बोलावून दमवतात. भेट झाल्यावर मुलांच्या अक्षरातलं पत्र जाऊ द्या, पण 'आपले मार्गदर्शन मोलाचे ठरले' असं नको. 'काका, तुम्ही सांगितल्यावर आम्ही प्लेट लहान केली आणि दुसऱ्या बाजारात १२५ रुपये राहिले' असं असावं. असं पत्र दुकानात काचेखाली लागलेलं मी पाहिलं आहे, शाल-श्रीफळ कोणी लावत नाही.

सत्रातून एकदा सगळ्यांना चहाला बोलवा. पाऊण तास पुरे, प्रास्ताविक-सूत्रसंचालन काही नको. त्यांची आपापसात ओळख झाली की तुमचं काम हलकं होतं. व्हेंडर म्हणतो, माझा पॅकिंगवाला पाठवतो, पॅकिंगवाला म्हणतो, माझी मेहुणी बचत गट चालवते. शेजारच्या शाळांनाही यादी द्या. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागून घ्या आणि आपली यादी समोर ठेवा. एका शाळेकडे तीन शिंपी आणि दुसरीकडे एकही नाही, असं नेहमी निघतं.

प्रगती मोजताना नफ्याचे आकडे मोजू नका. वर्षाच्या शेवटी मुलाला एखादी वस्तू हातात द्या, साधी उदबत्तीची पुडी, आणि तिच्या किमतीत कोणाकोणाचा वाटा आहे ते सांगायला लावा. जूनमध्ये दोन नावं सांगणारा मुलगा एप्रिलमध्ये सात-आठ सांगत असेल तर काम ठीक चाललं आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. जूनमध्ये नव्या सातवीचं पहिलं काम ठरलेलं : यादीतल्या प्रत्येकाला भेटून धंदा चालू आहे का, विचारायचं. एखादा बंद झाला असेल तर तो का बंद झाला, तेही त्याच ओळीत लिहायचं.